जावयाची गाडी पटाला निघते

उत्तमराव सरांना नाही म्हणता येत नसे. म्हणजे शाळेत येई. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून ते रजा मागणाऱ्या मास्तरांना, दाखला मागणाऱ्या पालकांना आणि घंटा लवकर द्या म्हणणाऱ्या पोरांना दिवसभर नाही म्हणत. पण शाळेचं फाटक ओलांडलं की तो शब्द आतच राहून जाई, आणि बाहेर जो कोणी जो काही सल्ला देईल त्याला सरांची मान आपोआप हले. ‘ह्यांच्या मानेत स्प्रिंग आहे,’ असं मंजुळाबाई म्हणत. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको असं काही म्हणते, तेव्हा ते तपासून पाहण्यात अर्थ नसतो.

मे महिन्यात शाळेला सुट्टी. म्हणजे नाही म्हणायची जागाच बंद. त्यात एकोणीसशे नव्याण्णवच्या मे महिन्यात हिंगोली जिल्हा झाला, पाठोपाठ धोंड्याचा महिना लागला आणि त्याच वेळी सरांच्या अंगणात जावयाची लाल स्पोर्ट्स कार उभी होती. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काहीएक संबंध नव्हता. तो सरांनी जोडला.

गाडी दोन सीटांची, कापडी टपाची, जमिनीला पोट टेकवून बसलेली. जावई शिवशंकर पुण्यात इंजिनिअर. कंपनीनं त्याला दोन महिन्यांसाठी परदेशी पाठवलं, तेव्हा पुण्यात ती रस्त्यावर सोडायला त्याचं मन धजेना. तो स्वतः चालवत हिंगोलीला आला, गाडी धुतली, पुसली, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि देवळातून निघताना मागं वळून पाहतात तसं पाहिलं. सरांना भरून आलं. ते म्हणाले, “जावईबापू, निर्धास्त जा. गाडीला कुणाला बोट लावू देणार नाही.” हे त्यांनी मुलगी शिवकन्या, मंजुळाबाई आणि शेजारच्या चांगुणाबाई यांच्यासमक्ष सांगितलं. चांगुणाबाईंसमोर सांगितलेली गोष्ट गल्लीत नोंद झाल्यासारखीच असते.

मग एके सकाळी संपतराव आले. संपतराव म्हणजे तहसिलातले निवृत्त अव्वल कारकून आणि सध्या हिंगोली हौशी मोटार मंडळाचे सचिव. मंडळाची स्थापना होऊन आठवडा झाला होता. नव्या जिल्ह्याच्या आनंदाप्रीत्यर्थ मंडळानं रविवारी रॅली ठेवली होती. हिंगोलीहून औंढा नागनाथ, तिथून सेनगाव, मग कनेरगाव नाका आणि परत हिंगोली.

“सर,” संपतराव म्हणाले, “गावात रेसची गाडी उभी असून जीपा पळवायच्या? नवीन जिल्ह्याची इज्जत तुमच्या हाती हाय बघा.”

सरांची मान हलली.

आता खरं सांगायचं तर ती शर्यत नव्हतीच. संपतरावांनी दिलेल्या पत्रकात स्वच्छ लिहिलं होतं, की ठरवून दिलेला वेग गाडीनं राखून प्रत्येक नाक्यावर नेमक्या वेळेला पोचायचं. उशिरा आलात तर गुण कमी आणि लवकर आलात तरी गुण कमी. सरांनी ते वाचलंही. पण शेजारचे बजरंगराव चष्मा न लावता पत्रकाकडे बघून हसले.

बजरंगराव सेनगावकडचे बागायतदार. त्यांच्या बैलांनी शंकरपटात एकेकाळी नाव काढलं होतं. पट म्हणजे बैलजोडीची शर्यत, आणि पटातलं बजरंगरावांना कळत नाही असं काही नाही, हे सगळा तालुका मानत असे. ते स्वतःही मानत.

“सर, हे लिहावं लागते,” ते म्हणाले. “पटाच्या पत्रिकेवर बी ‘पशुप्रदर्शन’ लिवतेत. म्हून काय बैल दाखवून घरी नेतो का आपन? पळवायचीच ना गाडी?”

सरांची मान पुन्हा हलली, आणि लाल गाडी त्या क्षणापासून बैलांच्या हातात गेली.

पटाचा पहिला नियम असा, की जोडीमागची छकडी वजनाला फुलासारखी पाहिजे. बजरंगरावांनी गाडीभोवती चक्कर मारली, बंपरवर टिचकी मारली आणि विचारलं, “हे लोखंड काहून वागवून राहिले?” बंपर निघाला. तो त्यांच्या गोठ्याच्या दाराला आडणा म्हणून बरोबर बसला. मग स्टेपनी निघाली. “पटात कुनी चौथं चाक घेऊन जाते का?” गाडीला चाकं चार असतात आणि स्टेपनी पाचवी, हे सरांच्या ओठावर आलं होतं, पण तोवर बजरंगरावांचा गडी तिला गडगडत घेऊन गेलासुद्धा. वावटळीत कडब्याची गंजी उडू नये म्हणून ती गंजीवर ठेवली गेली.

टप काढला तो मात्र मंजुळाबाईंनी पळवला. वाळवणाचे दिवस होते. काळं कापड, ताणलेलं, स्वच्छ, आणि हात ठेववणार नाही इतकं तापणारं. असलं कापड बाईमाणसाच्या दृष्टीला पडावं आणि तिनं त्यावर कुरडया घालू नयेत, हे शक्य आहे का? दुसऱ्या दिवशी गच्चीवर जावयाच्या टपावर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत होत्या. शेवटी डावीकडची सीट निघाली. ती तात्पुरती चांगुणाबाईंच्या ओसरीवर ठेवली. चांगुणाबाई तीवर तात्पुरत्या बसल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई! बारा वर्सांनी कंबर सरळ झाली.”

सरांना रात्री झोप लागेना. गाडी दिसायला रोज थोडी कमी होत होती. रविवारी रॅली संपली की संध्याकाळपर्यंत मेकॅनिक किसनसिंग सगळं परत बसवून देणार, असं ठरलं होतं. जावई परदेशातून परस्पर अकोल्याला कंपनीच्या कामासाठी उतरून रविवारी रात्री धोंड्यासाठी येणार होता. दुपार आणि रात्र यांच्या मध्ये जी संध्याकाळ असते, तेवढ्यावर सरांची इभ्रत टांगलेली होती.

आणि तेवढ्यात भोकांचा विषय निघाला.

“छकडीचं लाकूड आमी तासून तासून पापडासारखं करतो,” बजरंगराव म्हणाले. “ही तर तासता येईना. मंग भोकं पाडा. वजन बी जाईल, वारं बी निघून जाईल.”

किसनसिंगनं ड्रिल मशीन आणलं. “सर, बॉडी फायबर की है. मक्खन जैसा जायेगा,” तो म्हणाला. सर म्हणाले, “थांबा, जरा विचार—” आणि मान हलली. ती नकारार्थी हलवायची होती, पण सवय. ड्रिल घुसलं. दारांच्या खाली, मागच्या डिकीवर, सीट नसलेल्या जागी तळाला, अशी गोल गोल भोकं पडत गेली, आणि प्रत्येक भोकाबरोबर सर डोळे मिटत होते. काम संपल्यावर ड्रिल सरांच्याच ओसरीवर राहिलं. ‘लागलं तर असू द्या,’ असं बजरंगराव म्हणाले. मग त्यांनी बॉनेटवर गेरूचे पंजे उमटवले आणि आरशांना पोळ्याचे गोंडे बांधले.

शुक्रवारी शिवकन्या धोंड्यासाठी पुण्याहून माहेरी आली. रिक्षातून उतरली आणि बॅग हातात तशीच धरून अंगणात उभी राहिली. सरांना वाटलं, रडावी तरी.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “यांनी मला या गाडीत कधी चपला घालून बसू दिलं नाही.”

सरांनी रॅलीतून नाव काढण्याचा निश्चय केला आणि ते तडक संपतरावांकडे गेले. संपतरावांनी छापील कार्यक्रम पुढं केला. ‘प्रमुख आकर्षण : मुख्याध्यापक उत्तमराव सर यांची स्पोर्ट्स कार.’ त्यांनी चहा सांगितला. सर चहा पिऊन, मान हलवून परत आले.

मग शिवकन्येनं पदर खोचला. निदान सामान तरी गोळा करू, म्हणून बापलेक दारोदार निघाले. बजरंगराव म्हणाले, आडणा काढला तर वांड गोऱ्हा सुटेल, आणि स्टेपनी काढली तर गंजी उडेल. आभाळ बघा कसं होऊन राहिलं. कुरडया अजून ओल्या होत्या. “आता उचलल्या तर चुरा होईल,” मंजुळाबाई म्हणाल्या. या घरात जावयासाठी सगळं करायला त्या तयार होत्या, पण कुरडयासुद्धा जावयासाठीच होत्या. आणि चांगुणाबाईंनी सीटचे दोन्ही काठ धरून ठेवले.

“रविवारी रातच्याला ने लेकरा,” त्या म्हणाल्या. “तोवर म्या मेले तर सकाळी ने.”

शनिवारी संध्याकाळी मंडळाची गाडी-तपासणी झाली. संपतरावांनी पूर्वी चाळीस वर्षं जसे सातबारे तपासले तशी गाडी तपासली.

“टप न्हाई. म्हंजे उघडं वाहन. उघड्या वाहनांचा गट वेगळा हाय सर.”

“त्या गटात आणखी कोण?”

“नरसिंगचा ट्रॅक्टर.”

शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी पोर हसलं तर सरांच्या चेहऱ्यावर जो भाव येई, तो आला आणि विरून गेला. संपतरावांनी गाडीच्या नंबरप्लेटवर मंडळाची पाटी ठोकली. पाटीवर लिहिलं होतं, ‘उघडे वाहन’.

रविवारी सकाळी झेंडा हलला. ऊन आधीच भाजत होतं. डोक्यावर टप नाही, म्हणून सरांनी तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं आणि डोळ्यांवर किसनसिंगचा वेल्डिंगचा काळा चष्मा लावला होता. शेजारी सीटच्या जागी घडी केलेल्या पोत्यावर बजरंगराव बसले होते आणि ‘हाणा सर, हाणा!’ म्हणत दाराबाहेर हात आपटत होते. भोकांतून वारं निघून जाण्याऐवजी आत येत होतं, आणि येताना रस्त्याचा सगळा फुफाटा आणत होतं. सरांची नजर सारखी घड्याळाकडे आणि मन त्या संध्याकाळकडे.

औंढ्याला ते सगळ्यांच्या आधी पोचले. बजरंगरावांनी गुलाल उधळायला मूठ उघडली, तोच नाक्यावरचा मंडळाचा माणूस म्हणाला, “लवकर आलात. गुण कापले.”

“काय?”

“लवकर आलात.”

“पुढं आलो म्हून दंड?” बजरंगराव गुलालाची मूठ तशीच धरून खाली उतरले. “हे कोनत्या पटात लिवलंय?” त्या माणसानं त्यांना पत्रक दाखवलं. या खेपेला त्यांनी चष्मा लावून ते वाचलं. सेनगावला गाडीची नोंद झाली आणि ते पोत्यावरून उठले. “जिथं पुढं गेल्याचा दंड हाय, तिथं बजरंग बसत न्हाई,” असं म्हणून ते तिथल्या एका सोयऱ्याकडे जेवायला निघून गेले.

सर एकटेच कनेरगाव नाक्याला पोचले. तिथला मंडळाचा माणूस, नाव हरिचंद, सावलीतून उठून आला. “गाडीत दोघं पायजेत सर. एकट्याला सोडता येत न्हाई.” सर म्हणाले, मग मला बादच करा. त्यांना खरोखरच तेच हवं होतं. पण हरिचंद परोपकारी होता. ढाब्याच्या बाकावर एक प्रवासी बॅग मांडीवर घेऊन हिंगोलीची जीप भरायची वाट बघत बसला होता. हरिचंदनं त्याचा दंड धरला, “चला साहेब, हिंगोलीलाच जायचं ना? ही काय गाडी!” असं म्हणून त्याला पोत्यावर आणून बसवलं आणि झेंडी दाखवली.

गाडी निघाली. सरांनी शेजारी पाहिलं आणि त्यांच्या हातातलं स्टिअरिंग थरथरलं.

शेजारी शिवशंकर बसला होता.

उपरण्याच्या आत सरांना घाम फुटला. चष्मा काळा होता, पाटीनं नंबर झाकला होता, बॉनेटवर गेरू होता. ओळखलं नसेल. ओळखलं असतं तर माणूस असा शांत बसला असता का? काम लवकर संपल्यामुळे तो निघाला असावा. आता बोलायचं नाही. आवाज ओळखेल. हिंगोलीच्या वेशीवर उतरवायचं, पळत घरी जायचं आणि... पुढचं सरांना सुचेना.

“काका, मजा आहे या गाडीची,” शिवशंकर म्हणाला.

सरांनी मान हलवली.

“माझ्याकडेही अशीच एक आहे. लालच.”

मान.

“पण मी ती सासऱ्यांकडे ठेवलीय. फार सरळ माणूस. गाडीला बोटसुद्धा लावू देणार नाही, असा शब्द दिलाय त्यांनी मला.”

सरांची मान हलेना. आयुष्यात पहिल्यांदाच ती जागच्या जागी अडकली. चष्म्याच्या आत पाणी साचलं. पोत्यावर बसलेला तो पोरगा खालच्या भोकांतून उडणारी धूळ खात, बॅग छातीशी धरून, त्यांच्या सरळपणाचं कौतुक करत होता. सरांना वाटलं, यापेक्षा गाडी नाल्यात गेलेली बरी.

गाडी नाल्यात गेली नाही. ती तापून बंद पडली. आजूबाजूला नांगरून टाकलेली काळी रानं, सावलीला एक बाभूळ. सर खाली उतरून बॉनेटशी खटपट करू लागले. त्या बॉनेटची कडी किसनसिंगलाही उघडत नसे. तो दरवेळी पेचकस घालून शिव्या देई. शिवशंकर उतरला, पुढं आला, बॉनेटच्या डाव्या अंगाला गेरूच्या पंज्यावर त्यानं एक हलकी थाप मारली, आणि बॉनेट आज्ञाधारक पोरासारखं उघडलं.

सर जागीच थिजले.

शिवशंकर आत वाकून म्हणाला, “मामा, गार पाणी असेल तर द्या थोडं.”

मामा. इतका वेळ काका होते. सरांनी पाण्याची बाटली दिली. जावयानं इंजिनवर ओला फडका ठेवला. दोघंही बाभळीच्या सावलीला उभे राहिले. मागून नरसिंगचा ट्रॅक्टर धक-धक करत आला. त्याला लवकर जाणं शक्य नव्हतं आणि उशीर करणं माहीत नव्हतं. एका लयीत तो पुढं निघून गेला. उघड्या वाहनांच्या गटात पहिला नंबर त्याचा आला, हे नंतर कळलं. दुसरा सरांचा. गटात तिसरं कुणी नव्हतं.

घराशी गाडी थांबली, तेव्हा शिवकन्या दारात होती. नवऱ्याला त्या पोत्यावरून उठताना पाहून तिच्या हातातला तांब्या कलंडला. सरांनी उपरणं सोडलं, चष्मा काढला. डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं आणि बाकी सगळा चेहरा मातीचा.

“जावईबापू,” ते म्हणाले, “तुम्हाला शब्द दिला होता. तो मोडला. लोक सांगत गेले आणि मी मान हलवत गेलो. दोष लोकांचा नाही. मान माझी होती.”

शिवशंकरनं इकडे तिकडे पाहिलं. शेजारच्या ओसरीवर त्याच्या सीटवर चांगुणाबाई बसल्या होत्या. गच्चीवरून त्याच्या टपाचा एक काठ खाली लोंबत होता. पलीकडे गोठ्यात गोऱ्हा बंपरला मान घासत होता. शिवशंकरचे डोळे भरून आले आणि कुणालाही वाटलं असतं, की आता हा बॅग उचलून बायकोला घेऊन निघून जाणार.

“राग फार आला, मामा,” तो म्हणाला. “नाक्यावरच ओळखली होती गाडी. उतरून जावं वाटत होतं. पण स्टिअरिंगवर तुमचे हात इतके कापत होते, की म्हटलं, एकट्याला कसं सोडू.”

सर ओसरीच्या पायरीवर बसले. ते रडत होते आणि ते कुणापासून लपवत नव्हते.

तेव्हा चांगुणाबाई सीटवरूनच बोलल्या. “मंजुळे, धोंड्याला जावयाला वाण काय देतेत गं?”

“अनारसे. तेहतीस,” मंजुळाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

“अनारसेच काहून?”

“जाळीदार असतात म्हणून. भोकं असलेलंच वाण लागतं.”

“मंग!” चांगुणाबाईंनी गाडीकडे हात केला. “येवढं जाळीदार वाण सगळ्या जिल्ह्यात कुनी दिलंय का जावयाला? ठेव चावी ताटात, लाव निरांजन. आन् जावईबापू, वाणाला न्हाई म्हनत न्हाईत, बरं का.”

शिवकन्या फिसकन हसली आणि लगेच तिनं तोंडावर पदर घेतला. मंजुळाबाईंनी खरंच ताट आणलं. अनारशांवर चावी, चावीशेजारी निरांजन. शिवशंकर ताटाकडे पाहत राहिला. मग त्यानं दोन्ही हातांनी ते घेतलं, कपाळाला लावलं आणि निरांजन तसंच घेऊन गाडीभोवती फिरू लागला.

“एक... दोन... तीन...”

तो भोकं मोजत होता. सगळे श्वास धरून उभे. दारांची झाली, तळाची झाली, डिकीची झाली.

“एकतीस,” तो म्हणाला. “मामी, दोन कमी आहेत.” आणि त्या अंगणात तो मोठ्यानं हसला.

नेमके त्याच वेळी बजरंगराव सेनगावहून जीपनं परतले होते आणि सोयऱ्याकडचं जेवण त्यांना चांगलं मानवलं होतं. “दोनच ना?” म्हणत त्यांनी ओसरीवरचं ड्रिल उचललं. “हे आत्ता पाडून देतो. त्याला काय लागते?”

“नाही!”

कडुनिंबावरचे पारवे उडाले. हा शब्द शाळेच्या फाटकाबाहेर आजवर कुणी ऐकला नव्हता. सर पायरीवरून उठले, गाडीच्या आणि बजरंगरावांच्या मध्ये हात पसरून उभे राहिले.

“बजरंगराव, गाडीला बोट लावायचं नाही.”

“अवो सर, पर वाण पुरं होत न्हाई ना तेहतीसाचं—”

मंजुळाबाईंनी नवऱ्याच्या मानेकडे पाहिलं. ती हलत नव्हती.